ओपीडीतल्या ताईंना पाच स्टार, तिजोरीला एक (तोही नाइलाजानं)

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. पुण्यातलं सरकारी, एवढं पुरे. नाव टाकलं की उद्या वरून कुणीतरी तिथल्याच माणसांकडे खुलासा मागणार, आणि ज्यांच्यामुळे माझं पोरगं परत शाळेत जायला लागलं त्यांच्याच मागे मी शुक्लकाष्ठ लावायचं हे मला जमणार नाही. तर हा रिव्ह्यू आहे तिथल्या मुलांच्या मानसिक आरोग्य ओपीडीचा. आठ महिने जातोय आम्ही, एका फेरीत डोकं फिरलं आणि घरी येऊन टाइप केलं असं नाहीये.

आधी थोडं मागचं सांगते नाहीतर काही कळायचं नाही. मुलगा सातवीत. शाळा बदलली, जुनी चालत दहा मिनिटांवर होती, ही व्हॅननं पाऊण तास, आणि महिन्याभरात रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. रोज म्हणजे आम्हाला तसं वाटायचं, ते पुढे येईलच. व्हॅनचा हॉर्न वाजला की साहेब संडासात जाऊन बसणार, बाहेरून मी दार वाजवतेय, खालून व्हॅनवाले काका ओरडतायत, सोसायटीतले लोक गॅलरीतून बघतायत. बालरोगतज्ज्ञ झाले, जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. नवरा म्हणाला नाटकं आहेत, लाडानं बिघडलाय. शाळेच्या माहितीपत्रकात समुपदेशक आहेत असं रंगीत फोटोसकट छापलं होतं, भेटायला गेले तर कळलं त्या बाई चित्रकला पण घेतात, गॅदरिंगचं पण बघतात आणि समुपदेशन 'गरज पडली तर' करतात. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर एक तरी पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायचाच. हे मी मुख्याध्यापिकांना म्हटलं तर त्या गोड हसल्या आणि चहा मागवला.

मग कोथरूडात एका खासगी समुपदेशकांकडे गेलो. बाई चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण ४५ मिनिटांचे १५०० रुपये, आठवड्यातून एकदा, म्हणजे महिन्याचे ६०००. मी पतसंस्थेत अकाउंट्सला आहे, नवरा चाकणला कंपनीत, तेव्हा नेमका ओव्हरटाइम बंद झालेला. कंपनीची मेडिक्लेम आहे म्हणून फोन केला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, त्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असं लिहिलंय, पण पलीकडचा मुलगा म्हणाला मॅडम पॉलिसीत ओपीडीच नाही, अ‍ॅडमिट झाले तर बघू. बारा वर्षांच्या पोराला पोट दुखतं म्हणून अ‍ॅडमिट करू का आता? अडीच महिन्यांत बचत संपली आणि सेशन पण.

सरकारीत जा असं मला ऑफिसातल्या शिपाई मामांनी सांगितलं. घरी विषय काढला तर नवऱ्याचं पहिलं वाक्य, "म्हणजे काय, आता येरवड्याला न्यायचं का त्याला?" पुण्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगायला नको. कुणी जरा तिरसट वागला की येरवडा, आणि ते गंमतीत म्हणायचं. तिथलं मनोरुग्णालय हे राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक, बाकीची ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, आणि आपल्या डोक्यात सरकारी मानसोपचार म्हणजे ती दगडी भिंत एवढंच चित्र बसलंय. मुलांसाठी साधी ओपीडी असते, बाई बोलतात, चित्रं काढून घेतात, घरी पाठवतात, हे माझ्या पण गावी नव्हतं.

तर पहिला दिवस. केसपेपरची रांग तासभर, ती सगळीकडेच असते, तिचं काही वाटलं नाही. आणि एक, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, हे अजून कितीतरी जणांना माहीत नसतं, रांगेत लोक सुट्टे पैसे मुठीत धरून उभे असतात. ओपीडीच्या दारावर पाटी, 'वारंवार आत डोकावू नये. बोलावले की यावे. बोलावले नाही तर बसावे.' पुण्यात असल्याची खात्री पटली.

बसायचं कुठे तर मोठ्यांच्याच बाकावर. मोठ्यांची मानसोपचार ओपीडी आणि मुलांची एकाच पॅसेजमध्ये. एक काका स्वतःशीच बोलत येरझाऱ्या घालत होते, बिचारे कुणाला काही करत नव्हते, पण माझ्या मुलानं माझी ओढणी अशी घट्ट धरली की पिन निघाली. कायद्यात अल्पवयीन मुलाला अ‍ॅडमिट केलं तर मोठ्यांपासून वेगळं ठेवा असं आहे, पण बाकाचा कायदा नाही ना. वेगळा वार ठेवला तरी हा प्रश्न सुटेल. पण वेगळ्या वाराला वेगळं माणूस लागतं, आणि तिथेच सगळं अडतं.

आत गेल्यावर मात्र माझं मत बदललं. खोली म्हणजे अर्धी खोली, मधे गोदरेजचं कपाट आडवं लावून भिंत केलेली, कपाटापलीकडे ज्येष्ठांचं बीपी तपासणं चालू. माझा मुलगा पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होता की वर्गात सगळे हसतात, आणि कपाटापलीकडून आवाज, "आजोबा, लोणचं बंद करा म्हटलं होतं ना?" मला रडू येत होतं आणि हसू पण. ताईंनी (मानसशास्त्रज्ञ आहेत, वय असेल तिशीचं, सगळी मुलं ताईच म्हणतात) मान पण वळवली नाही, सवय झालेली.

चित्र काढायला कागद दिला तो पल्स पोलिओच्या जुन्या फॉर्मची मागची कोरी बाजू. खडू बारा रंगांचे, त्यातले तीन तुटके, आणि ते पण ताईंनी स्वतःच्या पैशानं अप्पा बळवंत चौकातून आणलेले, हे मला नंतर मावशींनी सांगितलं. बुद्ध्यांकाची बिने-कामत चाचणी झाली त्याच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स इतक्यांदा काढलेली की आकृत्या फिकट झालेल्या, ताई पेननं गिरवून देत होत्या. स्टॉपवॉच म्हणजे त्यांचा मोबाइल. खासगीत ह्याच चाचण्यांचे मला आठ हजार सांगितले होते, लॅमिनेशन केलेल्या रिपोर्टसकट.

आणि आता ज्यासाठी पाच स्टार दिलेत ते. दुसऱ्या भेटीत ताईंनी विचारलं, शाळेचं वेळापत्रक आणलंय का? मी म्हटलं कशाला? म्हणाल्या, घेऊन या, आणि महिन्याभरात कुठल्या कुठल्या दिवशी पोट दुखलं ते कॅलेंडरवर खुणा करून आणा. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खुणा करायला लागले. दोन आठवड्यांत मला पण दिसायला लागलं. मंगळवार आणि गुरुवार. फक्त मंगळवार आणि गुरुवार, शिवाय एक सोमवार, त्या दिवशी मंगळवारचं वेळापत्रक होतं कारण मंगळवारी सुट्टी होती. ताईंनी वेळापत्रक शेजारी ठेवलं, बोट ठेवलं, मंगळवारी चौथा तास प्रकट वाचन, गुरुवारी दुसरा तास प्रकट वाचन. उभं राहून मोठ्यानं वाचायचं. माझ्या मुलाला वाचताच येत नव्हतं नीट. सातवीपर्यंत पोरगं पाठ करून, शेजारच्याचं ऐकून, धडा डोक्यात ठेवून चाललं होतं आणि आम्हाला, जुन्या शाळेला, नव्या शाळेला, क्लासला, कुणालाच पत्ता नाही. मी स्वतः दिवसभर आकड्यांत असते, एक रुपयाचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसून शोधते, आणि हे दिसलं नाही मला.

अध्ययन अक्षमता आणि त्यातून आलेली चिंता, असं निदान झालं. अध्ययन अक्षमता हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, रीतसर प्रमाणपत्र मिळालं की दहावीला जादा वेळ मिळतो, तासाला २० मिनिटं. नवऱ्यानं हे ऐकलं, काही बोलला नाही, संध्याकाळी मुलाला घेऊन सारसबागेत गेला भेळ खायला. घरी आल्यावर 'नाटकं' हा शब्द परत निघाला नाही.

आता स्टार कापायचे ते इथून पुढे. वाचनावर काम करायला विशेष शिक्षक लागतो. ओपीडीत विशेष शिक्षकाची जागा कागदावर आहे, माणूस नाही. ताई जमेल तेवढं स्वतः करतात, दर भेटीला १५-२० मिनिटं, पण बाहेर चाळीस नंबर बसलेले असतात. माझ्या शेजारी एक बाई यायच्या वेल्ह्याच्या बाजूच्या (आता राजगड तालुका म्हणायचं), पहाटेची एसटी धरून स्वारगेट, तिथून पीएमटी, मुलगी आठ वर्षांची, आजोबा गेल्यापासून बोलायचीच बंद झालेली. एका फेरीला त्यांचा दिवसाचा रोजगार बुडतो. त्या मला म्हणाल्या, "ताई, तुमचं बरंय, तुम्ही जवळ ऱ्हाता." माझी धायरी त्यांना जवळ!

आणि मग आला मार्च. ताई कंत्राटी आहेत, अकरा महिन्यांची ऑर्डर. ३१ मार्चला संपली. नवी ऑर्डर 'येतेय'. एप्रिलमध्ये आम्ही गेलो तर दार बंद, पाटीखाली एक कागद चिकटवलेला, 'पुढील आदेशापर्यंत बंद'. मावशी म्हणाल्या अनुदान आलं नाही वरून. पोरगं विचारतंय ताई कुठे गेल्या, माझ्यामुळे गेल्या का? मुलांचं डोकं असंच चालतं, सगळं स्वतःवर घेतात. एप्रिल पूर्ण, मे पूर्ण. त्या दोन महिन्यांत पोट परत दुखायला लागलं, सुट्टी असून! जूनला शाळा आहे म्हणून.

त्याच काळात एका रात्री अकराला मी १४४१६ लावला. टेली-मानस म्हणतात त्याला, चोवीस तास, फुकट, भाषा निवडता येते, मराठी होती. पलीकडची मुलगी शांतपणे वीस मिनिटं बोलली, मुलाशी नाही, माझ्याशी, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मलाच गरज होती. आमच्यासारखा प्रश्न फोनवर सुटत नाही, वाचायला शिकवायला समोर माणूस लागतो, पण रात्री अकराला जीव घाबरा झाला तर नंबर सेव्ह करून ठेवा. ह्याची एक गोष्ट मला फार लागली. ही सेवा केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या बजेटमध्ये जाहीर झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू पण झाली. म्हणजे बजेटमध्ये एक ओळ आली की त्याच वर्षी फोन लागतो. मग राज्याच्या बजेटमध्ये आमच्या ताईंची ओळ का नाही?

तर मी गेले आमदारांच्या ऑफिसला. साहेब नव्हते, पीए होते, भला माणूस, बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, कालनिर्णय पण दाखवलं. तो म्हणाला, "ताई, भावना पोचल्या, पण पैसे कुठल्या हेडमधून मागताय?" हेड म्हणजे लेखाशीर्ष, बजेटमध्ये खर्च ज्या नावाखाली टाकतात ते. आणि मी गप्प! दिवसभर व्हाउचरवर हेड टाकणारी बाई मी, आणि माझ्याच पोराच्या मागणीला हेड नाही.

मग बसले शोधायला. राज्याच्या बजेटमध्ये वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य हे मुख्य लेखाशीर्ष २२१०. त्यात मानसिक आरोग्य म्हणून जे येतं त्यात त्या चार मोठ्या रुग्णालयांचे पगार, खाटा, जेवण, औषधं, ते लागतंच, त्यांचं कमी करा असं मी म्हणत नाहीये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणजे आमच्या ताई ज्यात बसतात तो, १९९६ पासून देशात चालू आहे, त्याचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, केंद्राचे ६० टक्के राज्याचे ४०, आणि केंद्राच्या मदतीची कमाल मर्यादा एका जिल्ह्याला वर्षाला ८३ लाख २० हजार. त्यात माणसं, औषधं, प्रशिक्षण, फिरती सगळं, आणि सगळ्या वयांचे पेशंट. पुण्यासारख्या जिल्ह्याला! मुलांच्या वाट्याला त्यातलं जे उरेल ते. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी एक तृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आत सुरू झालेले असतात. माझा बारा वर्षांचा आहे, म्हणजे आत्ता नाही तर कधी? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं २०१५-१६ ला, निमहान्सनं (बंगळुरूची केंद्र सरकारची मानसिक आरोग्य संस्था) केलं, १३ ते १७ वयात ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार निघाला, आणि त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. आपल्याकडची मुलं मोजलेलीच नाहीत त्यात. पतसंस्थेत असं केलं तर ऑडिटर रजिस्टर तोंडावर फेकेल.

मग मी माझा हिशोब केला, तुम्ही पण ताडून बघा. ३६ जिल्हे. प्रत्येक जिल्ह्यात फक्त मुलांसाठी चार माणसं, दोन मानसशास्त्रज्ञ, एक विशेष शिक्षक, एक समाजसेवक. महिन्याला सरासरी ४० हजार धरा, वर्षाचे एकाचे ४ लाख ८० हजार. माणसं १४४. एकूण ६ कोटी ९१ लाख २० हजार. आता राज्याचं २०२५-२६ चं बजेट, १० मार्च २०२५ ला मांडलं ते, ७ लाख २० कोटींचं. भागून बघा. लाखाला एक रुपया. अक्षरशः, एक लाख रुपयांच्या खर्चात एक रुपया. मी तीनदा कॅल्क्युलेटरवर केलं कारण मला वाटलं शून्य चुकलं. चाचण्यांचे संच, खडू, वेगळी खोली, सगळं धरून दुप्पट करा, दोन रुपये.

मधे एक गंमत. आपल्या महापालिकेत नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवतात, २००६ पासून चालू आहे, म्हटलं तिथे पण टाकून बघू, वस्तीतल्या दवाखान्यात मुलांसाठी समुपदेशन खोली. क्षेत्रीय कार्यालयातले गृहस्थ फॉर्म वाचून म्हणाले, बाकडी सुचवा, दिवे सुचवा, फुटपाथ सुचवा, माणसं नका सुचवू, माणसांना पगार लागतो. पुण्यात एवढी बाकडी का आहेत ते त्या दिवशी कळलं. बसायला बाकडं आहे, बसून बोलायला कुणी नाही.

दुसऱ्यांदा पीएकडे गेले तेव्हा कागद घेऊन गेले. लेखाशीर्ष, पदं, आकडा, आणि एक मागणी वेगळी खाली रेघ मारून, की ऑर्डर ३१ मार्चच्या आधी निघावी, नंतर नाही, कारण दोन ऑर्डरींमधला 'तांत्रिक खंड' मुलांना कळत नाही. त्यानं वाचलं, म्हणाला हे बरंय, पण मार्चमध्ये आणलंत तर उपयोग नसतो, खात्यांचे आकडे आधीच गेलेले असतात, दिवाळीच्या सुमारास आणा, आणि तोवर पुरवणी मागण्यांत (बजेटनंतर वर्षाच्या मधे मागतात ते जादा पैसे) ढकलून बघू, पावसाळी अधिवेशन आहे, मग डिसेंबरात नागपूर आहे. आवक नंबर घेतलाय. ओपीडीत ज्यांची मुलं येतात त्या सतरा पालकांच्या सह्या आहेत त्यावर, वेल्ह्याच्या बाईंचा अंगठा नाही, सही आहे, त्यांनी मुद्दाम बजावून सांगितलं, मला सही येते. तुमच्या भागात कुणी असं निवेदन देणार असेल तर हेड आणि आकडा टाका, नुसतं 'मुलांच्या मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यावे' लिहून देऊ नका, लक्ष फुकट असतं म्हणून ते लगेच देतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताई परत आल्या. नवी ऑर्डर, परत अकरा महिने. पोरगं पहिल्या भेटीत तोंड फुगवून बसलं, अर्धा तास बोललं नाही, ताईंनी पण आग्रह केला नाही, दोघं पोलिओच्या कागदावर फुली-गोळा खेळत बसले. कपाटापलीकडे आजोबांचं बीपी १५०.

आता जाणाऱ्यांसाठी. नवीन केसला साडेआठच्या आत पोचा, दहानंतर गेलात तर बहुतेक पुढची तारीख. मुलाच्या जुन्या वह्या न्या, चांगल्या अक्षरातल्या नाही, रोजच्या, आणि वेळापत्रक, प्रगतिपुस्तक. आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स, गेटसमोर मिळते पण तिथे रांग. गाडी नेऊ नका, पार्किंगवर वेगळा रिव्ह्यू लिहावा लागेल. कँटीनचे पोहे बरे, चहा नको. मोठ्यांच्या बाकावर मुलाला कोपऱ्याच्या बाजूला बसवा. आणि ताईंना खडू न्यायचे असतील तर चोवीस रंगांचा डबा न्या, मी नेलेल्या बाराच्या डब्यात जांभळा नव्हता आणि सगळ्या पोरांना जांभळाच पाहिजे असतो.